पिछाडीची लढाई कशी खेळावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये संगणकावर कॉम्बॅट मिशन आणि त्या जातीचे वॉरगेम (लढाईचे खेळ) खेळणारे फार नाहीत. पण नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकाच प्रसंगात अडखळतो. आपली फौज थोडी, शत्रू दुप्पट-तिप्पट, आणि काम असं की मुख्य फौज निघून जाईपर्यंत त्याला खोळंबवायचं, मग आपणही निसटायचं. खालची उत्तरं एक मिनिटाच्या टर्नने चालणारा कॉम्बॅट मिशन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कमांडची नावं गेममध्ये आहेत तशीच ठेवली आहेत, म्हणजे शोधायला त्रास होणार नाही.

बचाव आणि पिछाडीची लढाई यात फरक काय?

बचावात जागा राखायची असते. पिछाडीत वेळ काढायचा असतो, आणि त्यासाठी जागा द्यावीच लागते. शत्रूची किती माणसं मारली याला दुय्यम महत्त्व आहे. तो किती वेळा थांबला, रस्ता सोडून शेतात किती वेळा पसरला, तोफखाना किती वेळा बोलवावा लागला, यावर हिशेब ठरतो. रस्त्याने रांगेत येणाऱ्या शत्रूच्या कंपनीवर (शंभरेक सैनिकांची तुकडी) दोन मशीनगननी तीन मिनिटं मारा केला, तर ती कंपनी आडवी होते, टेहळणी पुढे पाठवते, मॉर्टरची वाट पाहते, बगल शोधते. यात तिची सात-आठ मिनिटं सहज जातात. तुमची तीन गेली. पिछाडीच्या लढाईचं सगळं गणित या फरकावर उभं आहे.

प्रसंग सुरू करताना आधी काय वाचायचं?

विजयाच्या अटी, आणि त्या शेवटच्या ओळीपर्यंत. कॉम्बॅट मिशनमध्ये जागा ताब्यात ठेवण्याचे गुण असतात, शत्रूच्या नुकसानीचे असतात, आपलं नुकसान एका टक्क्याच्या आत ठेवण्याचे असतात आणि एक्झिट झोनमधून बाहेर पडण्याचेही असतात. एक्झिटची अट असेल तर मॅपवर अडकून राहिलेल्या युनिटांचे गुण शत्रूच्या पदरात जातात. त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत शौर्याने लढलेली, पण बाहेर न पडलेली प्लाटून (तीसेक सैनिकांची तुकडी) गुणांच्या दृष्टीने मेल्यातच जमा होते. नुकसानीची मर्यादा ३० टक्के दिली असेल तर ती माणसांत मांडा: ९० माणसांची फौज असेल तर २७. तो आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. पहिल्याच फळीत १५ गेली, तर पुढचा आराखडा तिथेच बदलावा लागतो.

मॅप उघडल्यावर सुरुवात कुठून करायची?

मागून. बहुतेक जण पुढे जाऊन मशीनगनला चांगली जागा शोधत बसतात आणि परतीची वाट नंतर पाहतात. त्याऐवजी कॅमेरा एक्झिट झोनवर न्या, जमिनीच्या उंचीवर आणा आणि तिथून शत्रूच्या दिशेने सरकत या. वाटेत जिथे जिथे शत्रूची नजर पोहोचत नाही अशी सलग पट्टी मिळेल (नाला, उंच कुंपण, टेकडीची मागची बाजू, घरांची रांग) ती टिपून ठेवा. अशी पट्टी ज्या ठिकाणी संपते, त्याच्या थोडं अलीकडे मोर्चा लावायचा. कितीही सुंदर मारा मिळत असला तरी जिच्या मागे ३०० मीटर उघडं रान आहे, ती जागा पिछाडीसाठी निकामी.

नजरेचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका. त्या जागेवर युनिट ठेवून किंवा वेपॉइंट (जाण्याचा टप्पा) देऊन टार्गेटची रेघ ओढून पाहा. खेळातली जमीन ८ बाय ८ मीटरच्या चौकटींत मोजली जाते. एक चौकट मागे सरकलं तरी दिसणं पूर्ण बदलतं.

किती फळ्या कराव्यात आणि किती अंतराने?

दोन किलोमीटर खोलीच्या मॅपवर तीन. चौथी करायला माणसं पुरत नाहीत, आणि दोनच केल्या तर पहिली मोडल्यावर काही उरत नाही.

अंतराची कसोटी अशी: दुसऱ्या फळीतल्या मशीनगनना पहिल्या फळीच्या मोकळ्या झालेल्या जागेवर मारा करता आला पाहिजे. म्हणजे खुल्या प्रदेशात ५०० ते ७०० मीटर, आणि कुंपणं किंवा जंगल असेल तर १५० ते २५०. यापेक्षा जवळ ठेवलं तर शत्रूचा एकच मॉर्टरचा मारा दोन्ही फळ्यांवर पडतो, शिवाय पहिल्या फळीवरचा त्याचा जोर तसाच पुढे वाहत येतो. फार लांब ठेवलं तर माघार घेणाऱ्यांना कोणी आडोसा देत नाही.

पहिल्या फळीत काय ठेवावं?

थोडंच, पण लांब पल्ल्याचं आणि हलतं. पूर्ण प्लाटून पुढे ठेवू नका. स्क्वाड (प्लाटूनमधली छोटी तुकडी) फोडा आणि तीन-चार माणसांच्या टीम बनवा. एक-दोन मशीनगन, एक ऑब्झर्व्हर (तोफखान्याला मारा कुठे करायचा ते सांगणारा), आणि असल्यास एक चिलखती गाडी. शत्रूला समोर एक कंपनी आहे असं वाटायला हवं. त्यासाठी माणसं वाढवण्यापेक्षा टीममधलं अंतर वाढवा. ३०० मीटर रुंदीत चार ठिकाणांहून गोळी आली की समोरचा खेळाडू चारही ठिकाणांसाठी तोफा मागवतो.

ऑब्झर्व्हरला मोर्च्यात बसवू नका. तो मोर्च्याच्या बाजूला, थोडा उंचावर, हाइड न देता पण अगदी लहान टार्गेट आर्क (गोळीबाराची आखून दिलेली हद्द) देऊन ठेवा, म्हणजे तो स्वतः गोळी झाडणार नाही आणि बघत राहील. हाइड दिलेली टीम खाली डोकं घालते, तिला फारसं दिसत नाही. ऑब्झर्व्हरच्या बाबतीत ही चूक सर्रास होते.

गोळीबार कधी सुरू करायचा?

इथे आमचं मत ठाम आहे: पिछाडीत लांबूनच सुरू करा. दबा धरून ५० मीटरवर मारा करणं घातक असतं खरं, पण ५० मीटरवरून सुटून जाणं जवळपास अशक्य असतं. शत्रू ४०० ते ६०० मीटरवर असताना मशीनगन सोडा. इतक्या अंतरावर माणसं कमी पडतात, पण सगळी आडवी होतात, आणि आपल्याला वेळच हवा आहे.

अपवाद एक. आघाडीवर फक्त टेहळणीची टीम किंवा एखादी जीप असेल तर तिला मारण्यासाठी सगळी फळी उघडी करू नका. एका टीमला ते काम द्या आणि बाकीच्यांना टार्गेट आर्कने आवरून धरा. टेहळणी न परतल्याने शत्रूची मुख्य फौज बिचकत येते, आणि तुमच्या जागा त्याला तरीही ठाऊक नसतात.

मग निघायचं कधी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न. उत्तर असं की निघण्याची खूण सेटअपमध्येच (युनिटं मांडतानाच) ठरवायची, लढाई सुरू झाल्यावर नाही. मारा छान चाललेला असताना कोणालाच हलावंसं वाटत नाही. अजून एक टर्न, अजून एक टर्न करता करता पहिला मॉर्टरचा गोळा पडतो, टीम दबते, आणि दबलेली टीम ऑर्डर ऐकत नाही.

आम्ही तीन खुणा वापरायला सांगतो. यातली जी आधी घडेल तिच्यावर निघायचं.

पहिली, वेळेची. दुसऱ्या महायुद्धाच्या खेळात मॅपबाहेरच्या तोफखान्याला बोलावल्यापासून मारा पडेपर्यंत बहुधा ५ ते १० मिनिटं लागतात. तुमच्या स्वतःच्या ऑब्झर्व्हरला मारा मागवताना किती मिनिटं दाखवतात ते पाहा आणि शत्रूची थोडी कमीच धरा. मॅपवरचे मॉर्टर त्याहून लवकर येतात. म्हणून गोळीबार सुरू केल्यापासून तीन, फार तर चार मिनिटांत निघायला लागा.

दुसरी, चाचणीचा गोळा. शत्रूचे रेंज जुळवणारे एक-एक गोळे आसपास पडायला लागले की पुढचा मुख्य मारा ठरलेला आहे. देवळालीच्या तोफखान्याच्या रेंजवरचे आवाज ऐकत मोठे झालेल्या नाशिककरांना सुटा गोळा आणि बॅटरीचा मारा यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. खेळातही तो आवाजावरून ओळखता येतो. सुटा गोळा ऐकला त्याच टर्नला निघा.

तिसरी, अंतराची. मोर्च्यापुढे साधारण २५० मीटरवर एखादं झाड, खांब, वळण निवडा. शत्रूचं पायदळ तिथे पोहोचलं की थांबायचं नाही.

खूण पोहोचलीच नाही तर काय होतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. २७ ऑगस्ट १९१४ रोजी फ्रान्समध्ये एत्रूजवळ ब्रिटिश फौजेची पिछाडी सांभाळणाऱ्या दुसऱ्या रॉयल मन्स्टर फ्यूझिलियर्स पलटणीला माघारीचा हुकूम वेळेत मिळाला नाही. त्यांनी शत्रूला दिवसभर अडवलं, पण वेढले गेले आणि दारूगोळा संपल्यावर उरलेल्यांना शरण जावं लागलं. आपल्याकडे जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढत असताना विशाळगडावरून तोफांचे आवाज ही ठरलेली खूण होती, असं परंपरा सांगते. लढणाऱ्याला काम कधी पुरं झालं हे कळण्याची सोय आधीच केलेली होती. खेळात कमी वेळात जास्त शिकायचं असेल तर हीच सवय आधी लावून घ्या.

एका टर्नमध्ये माघारीच्या ऑर्डर नेमक्या कशा द्यायच्या?

समजा पहिल्या फळीत तीन टीम, एक मशीनगन आणि प्लाटूनचा एचक्यू (प्रमुखाची टीम) आहे. सगळ्यांना एकाच वेळी पळायला लावलं की शत्रूवरचा मारा थांबतो, त्याची माणसं डोकी वर काढतात आणि तुमच्या पाठीत गोळ्या घालतात. म्हणून पॉज (ठरावीक सेकंद थांबवण्याची कमांड) वापरा. तो पाच-पाच सेकंदांनी वाढतो, आणि पॉजमध्ये असलेलं युनिट मारा करत राहतं.

मशीनगन सर्वांत आधी, शून्याव्या सेकंदाला. ती आवरायला वेळ लागतो, तिची माणसं ओझ्याने लवकर दमतात, आणि दुसऱ्या फळीत जाऊन तिलाच पुन्हा मांडायचं असतं. त्यानंतर २० सेकंदांचा पॉज देऊन एक टीम आणि तिच्याबरोबर एचक्यू. उरलेल्या दोन टीमना या टर्नला हलवायचंच नाही. त्यांना शत्रूच्या ठाऊक असलेल्या जागांवर टार्गेट द्या. पुढच्या टर्नला त्यातली एक शून्यावर, दुसरी २५ सेकंदांनी.

एचक्यू मधल्या तुकडीबरोबर का? तो आधी निघाला तर मागे राहिलेल्या टीम हाकेच्या आणि नजरेच्या बाहेर जातात, आणि त्यांचं मनोबल लवकर ढासळतं. तो शेवटी राहिला आणि पडला तर पुढच्या दोन्ही फळ्यांत प्लाटून विस्कळीत लढते.

वेपॉइंट देताना पहिला टप्पा सगळ्यात जवळच्या आडोशाकडे द्या, तो बाजूला असला तरी चालेल. सरळ मागे १०० मीटर पळण्यापेक्षा डावीकडे १६ मीटरवरच्या नाल्यात उतरणं बरं. हा पहिला टप्पा फास्टने (जीव तोडून धावत), नजरेआड गेल्यावर पुढचा क्विकने (साध्या पळीने). सगळा रस्ता फास्टने दिला तर माणसं थकून दुसऱ्या फळीत पोहोचतात. आणि सगळ्या टीमना कुंपणाची एकच फट देऊ नका. तिथे गर्दी होते, आणि शत्रूची एक मशीनगन त्या फटीवर बसली की संपलं.

इव्हेड ही कमांड माघारीसाठी नाही. ती दिल्यावर युनिट स्वतःच्या मनाने आडोसा शोधतं, आणि तो बरेचदा भलत्याच बाजूला असतो. जखमी साथीदाराजवळ थांबलेली टीम बडी एडमध्ये (जखमीवरच्या उपचारात) अडकते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या टर्नला टीमना जखमींजवळच्या चौकटीत पाठवू नका.

शेवटची टीम दबली आणि हलेना. सोडवायला परत जावं का?

नाही. तिच्यासमोरच्या शत्रूवर दुसऱ्या फळीतून दोन मिनिटं जोरदार मारा करा, धूर टाकता आला तर टाका. मनोबल सावरलं तर ती येईल. घाबरून पळालीच तरी तिचा कल आपल्या बाजूच्या कडेकडे जाण्याचा असतो, आणि एक्झिट बहुधा तिकडेच असते. एक टीम आणायला दुसरी पाठवली की दोन्ही जातात.

तोफखाना आणि टीआरपी कुठे खर्च करायचे?

टीआरपी (तोफखान्यासाठी आधीच मोजून ठेवलेलं लक्ष्य) असेल तर मारा लवकर पडतो, अचूक पडतो आणि ऑब्झर्व्हरला ती जागा दिसण्याची गरज नसते. माघार घेणाऱ्याला याहून मोलाचं काही नाही, कारण ऑब्झर्व्हर पळत असताना त्याला काही दिसतच नसतं.

एक टीआरपी स्वतःच्या पहिल्या फळीच्या मोर्च्यावर ठेवा. शत्रू तो मोर्चा घेतो तेव्हा त्याची माणसं गोळा होतात, दम खातात, पुढचं ठरवतात. तो क्षण साधायचा. दुसरा टीआरपी पहिल्या फळीपुढच्या अशा खोलगट जागी, जी तुमच्या मशीनगनना दिसत नाही. शत्रू मारा चुकवायला तिथेच जमणार. तिसरा, असला तर, दुसऱ्या फळीच्या बगलेत.

दारूगोळ्याची वाटणी कशी करावी हे बरेच जण विचारतात. साधारण पाचवा हिस्सा पहिल्या फळीसाठी, अर्धा दुसरी फळी मोकळी होताना, उरलेला शेवटच्या टप्प्याला. पहिल्या संपर्कात सगळे गोळे उडवले की वीस मिनिटांनी, जेव्हा शत्रू खरोखर अंगावर येतो, तेव्हा रेडिओवर बोलायला कोणी नसतं.

धूर शत्रूच्या अंगावर टाका, आपल्या अंगावर नाही. आपल्या मोर्च्यासमोर धूर केला की कुठून निघतो आहोत हे आपणच सांगतो, आणि वारा उलटा असेल तर तो पुढे सरकून निरुपयोगी होतो. वाऱ्याची दिशा सेटअपमध्येच पाहून ठेवा. पॉप स्मोकचं बटण फक्त ज्या युनिटकडे धुराची सोय आहे त्यालाच वापरता येतं, त्यावर आराखडा बांधू नका.

अँटी-टँक तोफ मागे कशी आणायची?

आणू नका. ती आवरायला आणि हाताने ढकलायला लागणारा वेळ माघारीत मिळत नाही. ट्रकला जोडायचं म्हटलं तर ट्रक माऱ्याखाली येतो. तोफ तिसऱ्या फळीत ठेवा आणि अशा फटीतून बघायला लावा जिथून तिला रस्त्याचा ५०-६० मीटरचाच तुकडा दिसेल. तिला एका वेळी एकच रणगाडा दिसतो आणि तिला पाहणाराही तेवढाच असतो. बाकीचे रणगाडे तिला शोधेपर्यंत दोन टर्न जातात.

रणगाडे आणि टँक डिस्ट्रॉयर (रणगाडे मारणाऱ्या तोफगाड्या)?

मोर्च्यातून निघणं हे त्यांच्यासाठी रिव्हर्सवर अवलंबून आहे, आणि तो वेग वाहनागणिक फार बदलतो. टी-७२ चा उलटा वेग ताशी सुमारे ४ किलोमीटर, म्हणजे एका मिनिटाच्या टर्नमध्ये जेमतेम ६५ मीटर. असं वाहन उघड्या उतारावर पुढे काढून ठेवलं तर ते परत येत नाही. त्याला उताराच्या माथ्यामागे १०-१५ मीटरवर, हल डाउन जागेच्या (जिथे गाडीचं धड आडोशामागे राहतं आणि फक्त वरचा तोफेचा भाग दिसतो) अलीकडे उभं करा. पुढे येऊन एक-दोन गोळे, मग रिव्हर्स.

हे पॉजनेच जमवायचं: पुढचा वेपॉइंट स्लोने, तिथे १५ ते २० सेकंदांचा पॉज, मग रिव्हर्सने मूळ जागी. पॉज कमी दिला तर गोलंदाजाला लक्ष्य सापडण्याआधीच गाडी मागे येते, फार दिला तर शत्रूचा दुसरा गोळा लागतो. परत त्याच जागी वर येऊ नका. २५-३० मीटर बाजूने या.

मागे वळवून, पाठ दाखवून पळवणं फक्त नजरेआड गेल्यावर. मागचं चिलखत जवळपास सगळ्याच रणगाड्यांचं समोरच्यापेक्षा बरंच पातळ असतं.

सुरुंग आणि तारा?

सुरुंग एका ओळीत पेरण्यापेक्षा शत्रूला जो वळसा सोपा वाटेल तिथे टाका. रस्त्यावर मशीनगन, वळशावर सुरुंग. पहिला स्फोट झाला की पुढची पाच मिनिटं तो प्रत्येक गवताळ तुकड्याकडे संशयाने बघतो आणि इंजिनियर पुढे आणतो. ज्या सुरुंगांवर आपल्या गोळीची नजर नाही, ते मात्र मार्क करून सहज ओलांडले जातात. तारा फक्त तिसऱ्या फळीपुढे. पहिल्या फळीमागे तार टाकली तर तिच्यात आपलीच माणसं अडकतात.

एखादा प्रतिहल्ला करावा का?

छोटा, आणि एकदाच. दुसऱ्या फळीच्या वेळी शत्रूची आघाडी तिच्या मागच्या फौजेपासून तुटून पुढे आलेली असेल, तर टँक डिस्ट्रॉयर आणि एक टीम यांनी बगलेतून दोन मिनिटांचा धक्का द्यायचा. त्यानंतर शत्रू पुढच्या प्रत्येक टप्प्यावर अंतर राखून येतो.

आपल्या जिल्ह्यातच याचं उत्तम उदाहरण घडलं आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणमार्गे परतत असताना दाऊदखान कुरेशी वाटेवर आला. लूट पुढे रवाना झाली आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या प्रदेशात मराठ्यांची फौज वळून उभी राहिली. मोगलांच्या बिनीवरचा इखलासखान मियाना मागची फौज पोहोचायच्या आत भिडला आणि जखमी होऊन पडला. पाठलाग करणारी आघाडी अशी एकटी हाती लागते. तेव्हाच वळायचं, एरवी नाही.

संगणकाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध खेळताना काय बदलतं?

संगणक प्रसंगकर्त्याने आखून दिलेल्या वाटेने आणि वेळेने येतो. त्याला खोळंबवलं तरी तो फार विचार करत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध नुकसान करण्याला जास्त किंमत आहे. माणूस मात्र शंका घेतो, आणि शंकेने वेळ जातो. माणसाविरुद्ध रिकाम्या जागेतून अधूनमधून गोळी येत राहणं, एकाच टीमने दोन जागा बदलून मारा करणं, हे उपाय फार चालतात. पण तो शिकतोही. पहिल्या फळीत तीन मिनिटांनी निघालात तर दुसऱ्या फळीवर तो मॉर्टर तयार ठेवूनच येईल. तिथे दोन मिनिटांत निघा आणि त्याचे गोळे तुम्ही आधीच सोडलेल्या मोर्च्यावर पडू द्या.

दुसरी फळीच नेहमी का कोसळते?

बहुधा तिथे पोहोचलेल्या पहिल्या फळीच्या माणसांमुळे. थकलेली, घाबरलेली, गोळ्या संपत आलेली टीम लगेच मोर्च्यात बसवली की ती पहिल्याच माऱ्यात पळते, आणि शेजारच्यांनाही डळमळीत करते. पहिल्या फळीला दुसरीत थांबवू नका. तिला दुसरीच्या मधून नव्हे, बाजूने काढून सरळ तिसरीत न्या. तिथे मिळणाऱ्या दहा मिनिटांत ती सावरते आणि मागे ठेवलेल्या गाडीतून दारूगोळाही घेते.

एक नमुना आराखडा द्याल का?

४० मिनिटांचा प्रसंग, मॅप २ किलोमीटर खोल. आपल्याकडे दोन प्लाटून, दोन मशीनगन, एक अँटी-टँक तोफ, दोन टँक डिस्ट्रॉयर, ८१ मिमीचे चार मॉर्टर, तीन टीआरपी. समोर रणगाड्यांसह एक कंपनीपेक्षा जास्त.

पहिली फळी शत्रूच्या कडेपासून ५०० मीटरवर: स्क्वाड फोडून तीन टीम, एक मशीनगन, ऑब्झर्व्हर. दुसरी ११०० वर: एक प्लाटून, दुसरी मशीनगन, दोन्ही टँक डिस्ट्रॉयर बगलेला. तिसरी १६०० वर: तोफ आणि उरलेलं पायदळ.

संपर्क साधारण आठव्या मिनिटाला धरा. अकराव्याला पहिली फळी हलते, तेराव्यापर्यंत मोकळी. शत्रू सोळा-सतराव्या मिनिटाला तो मोर्चा घेतो, तेव्हा पहिला टीआरपी. दुसऱ्या फळीचा मारा एकोणीस ते बावीस. तेविसाव्याला बगलेतून टँक डिस्ट्रॉयरचा धक्का आणि अर्धा मॉर्टरसाठा, त्याच्या आडून दुसरी फळी निघते आणि तिसरीच्या मागे जाऊन थेट एक्झिटकडे वळते. तिसरी फळी अठ्ठावीस ते तेहतीस लढते. तेहतिसाव्याला काहीही झालं तरी शेवटची टीम हलते, म्हणजे ४०० मीटर जायला सात मिनिटं हाताशी राहतात. ही सात मिनिटं जास्त वाटतात. दबलेल्या टीमला सावरायला तीन लागली की ती पुरतात एवढंच.

षटकोनी नकाशाच्या मोठ्या खेळांत हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच, साधनं वेगळी. तिथे शेजारच्या षटकोनांवर युनिटचा धाक असतो आणि त्यात शिरलेल्या शत्रूला थांबावं लागतं किंवा जास्त चाल खर्चावी लागते. दोन युनिटांमध्ये दोन षटकोन मोकळे ठेवले तरी दोन्हींवर कोणाचा ना कोणाचा धाक राहतो, त्यामुळे एक तृतीयांश फौजेत फळी उभी राहते. मागे सरताना पूर्ण चाल करूनही शत्रू शेजारी येणार नाही इतक्या अंतरावर थांबा, म्हणजे पुढच्या टर्नला तो जवळ येतो पण हल्ला करू शकत नाही. नदीवरचा पूल उडवण्याची सोय असेल तर तो शेवटच्या युनिटनंतर लगेच. एप्रिल १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेताना ४८ व्या भारतीय ब्रिगेडच्या गुरखा पलटणींनी रणगाड्यांच्या साथीने २८ आणि २९ तारखेला चौक्सेला जपान्यांना रोखलं, ठरल्या वेळी मोर्चा सोडला, आणि ३० एप्रिलच्या रात्री इरावतीवरचा आवा पूल उडवला गेला. फौज तोवर पलीकडे गेली होती.

नाशिकच्या भूभागावर सरावाचा मॅप बनवता येईल का?

येईल, आणि बनवावा. कसारा घाट किंवा चांदवडजवळचा राहुड घाट पिछाडीसाठी आदर्श आहे. एकच चांगला रस्ता, दोन्ही बाजूंना कडे, वाहनांना वळसा नाही. एडिटरमध्ये नकाशाचं चित्र पायाखाली अंथरून त्यावर उंची भरता येते. एसआरटीएमची (अवकाशयानाच्या रडारने मोजलेली) मोफत उंची वापरणार असाल तर लक्षात ठेवा की तिचे बिंदू ३० मीटर अंतराने आहेत, तर खेळाची चौकट ८ मीटरची. नाले, बांध, रस्त्याची खोदाई त्यात येत नाही, आणि माघारीची वाट तर नेमकी तीच असते. ते सगळं हाताने भरा. कातळाचे कडे गोल उतारासारखे होऊ देऊ नका, नाहीतर रणगाडे कुठूनही चढतील. निफाड-दिंडोरीकडचा पट्टा करायचा असेल तर द्राक्षबागांसाठी ओळीतली झुडपं आणि पावसाळ्यातल्या काळ्या रानासाठी चिखलाची जमीन वापरा. चिखलात रुतलेली गाडी तिथेच राहते, हे दोन्ही बाजूंना लागू.

समोरासमोर वेळ जुळत नाही. ईमेलने खेळलेलं चालतं का?

पिछाडीसाठी तेच बरं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्ट सांभाळणाऱ्यांना दिवसाला एक-दोन टर्न सहज होतात, आणि प्रत्येक मिनिटाचा रिप्ले मागेपुढे करून पाहता येतो. चाचणीचा गोळा कुठे पडला, कोणती टीम कधी दबली, हे पहिल्या पाहण्यात सुटतंच. रिप्ले तीनदा पाहा: एकदा वरून, एकदा शत्रूच्या बाजूने, एकदा आवाज वाढवून आपल्या शेवटच्या टीमजवळ. फाइल पाठवल्यावर तिची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि पावसाळ्यात डेस्कटॉपवर खेळत असाल तर साधा यूपीएस लावा. वीज गेल्यावर तो काही मिनिटंच चालतो, पण सेव्ह करायला तेवढी पुरतात.